कोंडवाडीची सायकलवाट

मालन सायकल शिकली ती मालगुंडच्या पुळणीवर. ओहोटी लागली की तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. तिचे वडील लवू बोटीवर खलाशी होते, आणि सुट्टीवर आले की ते तिला रोज पुळणीवर घेऊन जात. मुलीच्या जातीला सायकल कशाला, असं शेजारचे विचारायचे. लवू म्हणायचे, "पाय आहेत ना तिला? मग झालं तर."

१९८६ साली ती नर्स होऊन मंडणगड तालुक्यातल्या शिरवलीच्या उपकेंद्रावर रुजू झाली. तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि एस.टी.च्या टपावर दोरखंडाने करकचून बांधलेली लेडीज सायकल. ती सायकल खाली उतरवून घ्यायला कंडक्टर वर चढला आणि स्टँडवरची माणसं बघत उभी राहिली. मालन तेव्हा तेवीस वर्षांची होती. लोकांनी बघितलं तर बघू दे, अशा स्वभावाची.

शिरवली डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं मोकळं पठार, आणि सड्यावर तीन वाड्या. चढ संपला की माळवाडी, तिथून दोन मैलांवर धनगरवाडी, आणि पार पलीकडच्या टोकाला कोंडवाडी. वर जायला दगडी पायऱ्यांची पाखाडी होती. ती नाकासमोर सरळ डोंगरावर चढायची. महिन्यातून एकदा मालनने नऊ किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यातून लसीची पेटी घ्यायची, सायकलवरून शिरवलीला यायचं, पायथ्याशी सायकल ठेवायची आणि पेटी खांद्याला लावून पाखाडी चढायची. बर्फ विजेच्या लहरीवर जमायचा; कधी पुरता, कधी अर्धा. तो वितळायच्या आत तीन वाड्या झाल्या पाहिजेत, हा नियम. आणि तो नियम कागदावर करणाऱ्याने पाखाडी पाहिलेली नव्हती.

त्या ऑक्टोबरात ती कोंडवाडीला पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. आंब्याखाली बारा बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. मालनने पेटी उघडली आणि आत हात घातला. बर्फाचं पाणी झालं होतं, आणि पाणीसुद्धा कोमट.

तिने झाकण लावलं. "आज लस देता येणार नाही," ती म्हणाली. "उन्हाने खराब झाली आहे. दिली तरी अंगी लागणार नाही."

 मग पुढे बसलेली गोदा उठली. गोदाचा नवरा मुंबईला गिरणीत होता. तिच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. आदल्या वर्षीच्या गोवराच्या साथीत तिचा चार वर्षांचा मुलगा गेला होता, हे मालनला ठाऊक होतं.

"बाई, मागल्या महिन्यातपण असंच सांगितलंत," गोदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "देताच येत नाय, तर आम्हाला बोलावता कशाला? कामं टाकून येतो आम्ही."

"पुढच्या महिन्यात आधी इथे येते."

"मग माळवाडीच्या पोरांचं काय?"

मालनने पेटीचा पट्टा खांद्याला लावला.  "ते मला अजून सुचलेलं नाही, वहिनी. पण शोधून काढते. मी हे असं चालू देणार नाही."

गोदाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही.

मालन उतरून पायथ्याशी आली तेव्हा पायांत गोळे आले होते. तिची सायकल महिपत यांच्या आगरात, पोफळीला टेकवलेली असायची. महिपत पन्नाशी उलटलेले गृहस्थ. बावीस वर्षं त्यांनी चिकमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्यांत काढली होती. मजूर म्हणून गेले आणि मेस्त्री, म्हणजे मजुरांचे मुकादम, होऊन परत आले. येताना कॉफीची सहा रोपं आणली होती, ती त्यांच्या आगरात पोफळींच्या सावलीत आता डोक्याएवढी झाली होती. गावात सगळे त्यांना कॉफीवाले म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

मालनने पेटीतलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. महिपत पडवीत बसून बघत होते.

"परत वितळला?"

"परत."

त्यांची बायको सखू आत गेली आणि कॉफी घेऊन आली. घरची, जाड कुटलेली, गूळ घातलेली. मालनने एक घोट घेतला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

महिपतांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वेळ कुठं जातो तुझा? मोज."

"पाखाडीला सव्वा तास. मग सड्यावर चालत चालत..."

"सडा किती?"

"जाऊन येऊन दहा किलोमीटर तरी."

"आणि सडा कसा हाय?"

"सपाट," मालन म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं. सड्यावर सायकल पळेल. मालगुंडच्या पुळणीवर पळायची तशीच पळेल. फक्त ती वर न्यायला हवी.

"पाखाडीवरून सायकल खांद्यावर न्यायची म्हणता?"

"एकदा नेशील. दर महिन्याला कोण नेणार? आणि वर पेटी." महिपतांनी डोंगराकडे हात केला. "पाखाडी हाय ती माणसाची नि बकरीची वाट. चाकाची वाट वेगळी असते. आमच्या मळ्यात डोंगर ह्याच्याहून उभे. पण रायटर, मळ्याचा कारकून, सायकलवरून हिंडायचा सगळीकडं. कारण वाट सरळ चढतच नाय. डोंगराला वळसा घालते. चौदा हात पुढं गेलं की एक हात वर, त्याच्याहून जास्त नाय. अशा वाटा मी आयुष्यभर काढल्या, बाय."

"इथे काढाल?"

"मी एकटा नाय काढणार," महिपत म्हणाले. "पण कुठून काढायची ते दाखवीन."

पुढच्या रविवारी त्यांनी चढ मोजायची घोडी बांधली. दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधलेले, मध्ये आडवी काठी, आणि शेंड्यापासून लोंबणारी दोरी, तिला खाली दगड. आडव्या काठीवर त्यांनी कोयत्याने दोन खाचा पाडल्या. दोरी मधल्या खाचेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. बाजूच्या खाचेवर आली की चढ बरोबर चौदाला एक. महिपत घोडीचा एक पाय रोवायचे, दुसरा पुढे फिरवायचे, दोरी थांबेपर्यंत वाट बघायचे. मालन तिथे खुंटी ठोकायची. मग पुढचं पाऊल. पाच रविवार हेच चाललं. आगराच्या मागून निघालेली खुंट्यांची रांग करवंदीच्या जाळ्यांतून, काजूंच्या खालून, सात वळणं घेत सड्यापर्यंत पोचली. अंतर भरलं तीन किलोमीटरला थोडं कमी.

कामाला हात हवे होते. मालन परत कोंडवाडीला गेली आणि गोदाच्या अंगणात बसली. वाटेचं सगळं सांगितलं. गोदा भात कांडत होती. तिने मुसळ बाजूला ठेवलं.

"तुम्ही स्वतः खणणार?"

"सुट्टीच्या दिवशी. पहार धरता येते मला."

"आणि त्याच्यावरून सायकल चढल याची खात्री काय?"

"खात्री महिपतकाकांची आहे. चढवायची कशी ते माझ्यावर."

गोदा हसली. मालनने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "भातं झोडून झाली की येतो आम्ही," ती म्हणाली.

पण त्याआधी रावजी आडवे आले. खालच्या बाजूचा काजूचा उतार त्यांचा, आणि त्याच्याही खाली त्यांची भाताची खाचरं. पासष्टीचे रावजी काठी टेकत आले आणि त्यांनी स्वतःच्या जमिनीतल्या खुंट्या एकेक करून उपटल्या. त्या मोळी बांधून त्यांनी महिपतांच्या अंगणात आणून टाकल्या.

"महिपत, तू माझ्या डोंगराला चर पाडणार?"

"चर नाय रावजीदादा, वाट."

"वाटच पाडली होती त्या लाकडाच्या ठेकेदारानं. ओंडके ओढायला. दोन पावसात तिचा पऱ्या झाला, वाहता ओढाच, आणि माझी दोन खाचरं घेऊन गेला. माती आणून भरायला मला सात वर्षं लागली. तेव्हा तू तिकडं कॉफी पीत होतास."

यात खोटं काही नव्हतं.  मालन पुढे झाली.

"रावजीबाबा, त्याने वाट सरळ खाली काढली होती ना?"

"सरळच."

"ही आडवी आहे. पाणी वाटेवरून वाहत येणार नाही, वाट ओलांडून जाईल. वाटेला बाहेरच्या अंगाला किंचित उतार ठेवायचा आणि वीस पावलांवर एक खळगी."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काकांनी. मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली त्यांना."

रावजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोलतेस तर खरं. मी सांगतो ते ऐक. माझ्या जमिनीतला तुकडा तेवढा काढा. वरचं काही नाय. एक पावसाळा जाऊ दे. माझ्या खाचरात मूठभर माती आली, तर मी स्वतः तुमची वाट मोडीन. नाय आली, तर बघू."

"कबूल," मालन म्हणाली. महिपतांनी मान हलवली, पण सखूला नंतर म्हणाले, की पोरगीनं एका वर्षाचं काम अंगावर घेतलं. सखू म्हणाली, "तुम्ही तर मळ्याचं बावीस वर्षं अंगावर घेतलंत."

माघात काम सुरू झालं. वाड्यांमधले पुरुष बहुतेक मुंबईला, त्यामुळे आल्या त्या बायाच. गोदा, माळवाडीची जनी, आणि त्यांच्यामागून आणखी चौदा-पंधरा जणी. पिकाव, पहारी, फावडी, घमेली जिच्या तिच्या घरची. वाट दोन हात रुंद. खालच्या अंगाला जांभ्याच्या दगडांचा गडगा, वरच्या अंगाला माती तासून घेतलेली. महिपत मळ्यातल्या मेस्त्रीसारखे पुढे-मागे फिरत. दगड कसा बसवायचा ते एकदा दाखवायचे, आणि चुकला की काढून परत बसवायला लावायचे. जनी एकदा वैतागून म्हणाली, "ह्यांच्या मळ्यात काय आम्ही नोकरीला नाय." त्यावर महिपत स्वतः खाली बसले आणि तिचा दगड त्यांनी बसवून दिला. पुढे जनीचे गडगे सगळ्यांत पक्के निघाले.

होळीपर्यंत रावजींच्या जमिनीतला तुकडा पुरा झाला. मग पाऊस आला आणि काम थांबलं.

जुलैत चार दिवस धो धो कोसळला. पाचव्या दिवशी उघडीप झाली तशी मालन इरलं घेऊन वाटेवर गेली. रावजी तिच्या आधीच तिथे होते. खाचरांत त्यांना माती मिळाली नव्हती. पण दुसऱ्या वळणावर गडग्याचा पाच हात भाग ढासळून खाली गेला होता, आणि उघड्या पडलेल्या मातीतून पाणी झरत होतं.

महिपत आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि मातीत बोट घातलं. "माझी चूक," ते म्हणाले. "हिवाळ्यात इथं सुकं होतं. मला वाटलं, घट्ट जागा हाय."

 रावजींनी काठीने ढासळलेल्या मातीत एक रेघ ओढली.

"इथं उमाळा हाय," ते म्हणाले. "आषाढात फुटतो, भाद्रपदात बंद होतो. लहानपणी आम्ही गुरं घेऊन यायचो तेव्हा इथंच पाणी प्यायचो. तुला कसं ठाऊक असणार? तू बावीस आषाढ इथं नव्हतास." मग ते मालनकडे वळले. "वळण वर घ्या, दहा हात. त्या आसाण्याच्या झाडाच्या वरून. तिथं खडक हाय. आणि असे आणखी दोन उमाळे आहेत वर. महिपतला दाखवतो मी."

"म्हणजे वाट करायची ना, बाबा?"

"खाचरात माती आली नाय," रावजी म्हणाले. "मी शब्द दिला होता."

त्या पावसाळ्यात दोघे म्हातारे रोज डोंगरावर दिसू लागले. रावजी काठीने जागा दाखवायचे, महिपत तिथे दगडावर चुन्याची खूण करायचे. तीन ठिकाणी रेघ बदलली. एका ठिकाणी दोघांचं इतकं वाजलं, की दोन दिवस बोलणं बंद. शेवटी सखूने दोघांना शेजारीशेजारी पाटांवर बसवून कॉफी दिली आणि आपण आत निघून गेली. रावजींनी ती कडू म्हणून नाक मुरडलं, पण पेला रिकामा केला.

पुढच्या हिवाळ्यात उरलेलं काम झालं. या वेळी माळवाडीचे तीन-चार गडीसुद्धा, मुंबईहून सणाला आलेले, चार दिवस राबून गेले. प्रत्येक वळणावर महिपतांनी पाच पावलं सपाट जागा सोडली. दम घ्यायला आणि सायकल वळवायला. मालन रत्नागिरीला बैठकीला गेली ती सायकल एस.टी.च्या टपावर टाकून, आणि तिथे तिने मिरजोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या सदू नावाच्या मावसभावाला गाठलं. त्याने तिच्या सायकलचं मागचं फ्रीव्हील काढलं आणि बावीस दात्यांचं मोठं बसवून दिलं. "सपाटीवर पाय जास्त मारावे लागतील," तो म्हणाला. "पण चढाला ही गाढवासारखी चढेल." ब्रेकची चारही रबरं त्याने नवी घातली आणि दोन जोड्या वर दिल्या.

मार्च १९८८. मालनने सकाळी साडेसातला दवाखान्यातून पेटी घेतली आणि कॅरिअरवर सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून बांधली. सव्वाआठला ती शिरवलीत पोचली. महिपत आगराच्या मागच्या बाजूला वाट सुरू होते तिथे उभे होते.

"उतरताना दोन्ही ब्रेक धर," ते म्हणाले. "पण मागचा आधी."

"चढते तर आधी."

तिने पदर खोचला आणि पायडलवर जोर दिला. पहिला टप्पा ती आरामात चढली. मोठ्या फ्रीव्हीलमुळे पाय भरभर फिरत होते आणि सायकल हळूहळू पुढे सरकत होती. दुसऱ्या वळणावर आसाण्याच्या झाडाखाली चाक खडकावर घसरलं आणि ती उतरली. पाच पावलं ढकलत नेली, परत बसली. तिसऱ्या वळणावर तिला कळलं की वळताना आतल्या बाजूला बघायचं नाही, वाट जिथे जाते तिथे बघायचं. त्यानंतर ती उतरली नाही. काजूला मोहोर होता, त्याच्या वासाने श्वास भरून येत होता. मांड्या पेटल्या होत्या. सपाट जागेवर ती थांबायची, वीस आकडे मोजायची आणि निघायची. सहाव्या वळणावर एक गाय वाटेत आडवी बसली होती. मालनने घंटी वाजवली. गाईने कान हलवला. शेवटी मालनने खाली उतरून तिला उठवलं, आणि मग म्हणाली, "हे उतरणं मोजायचं नाही."

ती सड्यावर आली तेव्हा नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

माळवाडीत ती थांबली नाही. तिथल्या बायांना परतताना येते म्हणून आधीच सांगितलं होतं. सड्यावर कातळातून गेलेली बैलगाडीची वाट होती. मालन तिच्यावरून सुटली. वारा समोरून होता, पेटी मागे खडखडत होती, आणि कित्येक वर्षांत ती इतक्या वेगाने कुठे गेली नव्हती. सव्वानऊला ती कोंडवाडीच्या आंब्याखाली उतरली. बाया अजून जमायच्या होत्या. कोणी एवढ्या लवकर येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

गोदा धावत आली. तिची मुलगी आता चालत होती, आईचं बोट धरून. मालनने पेटीचं झाकण उघडलं आणि गोदाचा हात धरून आत घातला. गोदाने झटकन हात बाहेर काढला.

"बोटं बधिर झाली," ती म्हणाली.

"मग बोलवा सगळ्यांना."

गोदाची मुलगी पहिली. सुई टोचली तशी तिने भोकाड पसरलं, आणि गोदा तिला छातीशी धरून तिथेच दगडावर बसून राहिली, बराच वेळ.  मालन पुढच्या मुलाकडे वळली. कोंडवाडीत एकोणीस, धनगरवाडीत सात, माळवाडीत चौदा. माळवाडीत शेवटचं बाळ झालं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पेटीत बर्फाचा खडा अजून शिल्लक होता. जनीने तिला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

उतरताना मालनने मागचा ब्रेक आधी धरला. पहिलं वळण तिने भीत भीत घेतलं. दुसरं जरा सैल हाताने. मग तिला वाटेची लय कळली: उतार, खळगी, उतार, वळण. खळगीत सायकल जराशी खाली जायची आणि पोटात हलकं वाटायचं. रबरं तापून वास येऊ लागला तेव्हा ती एका सपाट जागेवर थांबली. समोरून रावजी येत होते, डोक्यावर काजूसाठी रिकामी पाटी घेऊन. पाखाडीने न जाता याच वाटेने.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही वाड्या."

"एका दिवसात?"

"दोनलाच झाल्या, बाबा."

रावजींनी पाटी खाली ठेवली आणि वाटेच्या गडग्यावर बसले. खाली त्यांची खाचरं दिसत होती. "चढ हलका हाय," ते म्हणाले. "गुडघे दुखत नाहीत. मी सकाळपासून दोन खेपा केल्या." मग तिला जाऊ द्यायला त्यांनी पाय आत घेतले.

दुसऱ्या दिवशी मालन रिकामी पेटी परत द्यायला दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली. चाळीस मुलं, एक दिवस. त्यांनी विचारलं की हे सगळं खरोखर वर जाऊन केलं का. मालन म्हणाली, या रविवारी सायकल घेऊन या, दाखवते. डॉक्टर म्हणाले, मला सायकल येत नाही.

"मग चालत या," ती म्हणाली. "वाट चालायलाही चांगली आहे. आणि साहेब, कोंडवाडीच्या पलीकडे डोंगरउतारावर आणखी दोन वस्त्या आहेत. तिथे आजवर कोणी गेलेलंच नाही. पुढच्या महिन्यात मला लस वाढवून लागेल."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "किती मुलांची?"

"अजून मोजली नाहीत," मालन म्हणाली. "उद्या जाऊन मोजून येते."